लीलाधरभाऊंचा भरवशाचा पंप

...नाही, पण मी म्हणतो, जळगावात समुद्र आणायचाच कशाला? आं? अडलं काय होतं? इथे मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी अंगावर घेतलं तर माणूस ओरडतो, बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि आमच्या समोरच्या लीलाधरभाऊंच्या हॉलमध्ये, पिंप्राळ्यात, जिथे आधी टीव्ही होता तिथे... काय? तर समुद्र! काचेच्या पेटीतला, खारट, आत दगड, दगडावर समुद्रफूल, आणि त्या फुलात लोळणारे दोन केशरी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे! बरं, लीलाधरभाऊ माळकरी माणूस, घरात अंडं येत नाही, आणि गल्लीतली माणसं काय, येता-जाता खिडकीतून विचारणार, "काय भाऊ, कधी तळतात?" भाऊ लालबुंद! पण बोलणार काय? जावयाचे मासे होते हो. जावयाच्या माशांना कोणी काही म्हणायचं नसतं.

तुम्हाला सांगतो, गोष्ट फार साधी होती, आणि साध्या गोष्टीतच माणूस बुडतो. भाऊंची एकुलती एक पुनम दिली धुळ्याला, देवपुरात. जावई ज्ञानेश्वरराव बँकेत, स्वभाव इतका गरीब की चहात साखर टाकायची राहिली तरी "छान झालाय" म्हणून पिऊन टाकतील. नाद एकच, हा खाऱ्या पाण्याचा. तर त्यांच्या फ्लॅटमध्ये फरशी बदलायचं काम निघालं, फरशी कापायची म्हणजे धूळ, धूळ म्हणजे माशांचं मरण, मग पेटी ठेवायची कुठे? जावई फोनवर म्हणाले, "मामा, काम होईपर्यंत तुमच्याकडे ठेवली तर चालेल का?" आता जावयाने विचारलं आणि सासऱ्याने नाही म्हटलं, असं आपल्या खानदेशात कधी झालंय? भाऊ म्हणाले, "आना ना पाव्हणे! मासे काय, घर आना!" आणि टेंपोतून समुद्र आला. जावई स्वतः मागे बसून, उन्हात, माशांची पिशवी पोटाशी धरून, धुळ्यापासून जळगावपर्यंत! पेटी लावली, पाणी भरलं, मासे सोडले, आणि जाताना सासऱ्याला एवढंच म्हणाले, "मामा, एकच सांभाळा. पंप बंद पडू देऊ नका. पाणी फिरतंय तोवर सगळे जिवंत. थांबलं की संपलं."

भाऊ हसले. लीलाधरभाऊंना पंप सांभाळा म्हणून सांगणं म्हणजे काय आहे, तुम्हाला कल्पना नाही! हा माणूस असोद्याच्या रस्त्यावर उभी हयात मोटारींचं रिवायंडिंग करत बसला. केळीवाल्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, भाऊ उघडायचे, जळकी तार काढायचे, नवी तार भरायचे, आणि मोटार पुन्हा विहिरीत. स्क्रू ड्रायव्हर मोटारीला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि आतलं बेअरिंग किती दिवस जगेल ते सांगायचे. वैद्य नाडी बघतो ना, तसं! चोपड्याचं गिऱ्हाईक आलं तरी त्याचा प्रश्न ठरलेला, "तांबं शे ना भाऊ?" आणि भाऊंचं उत्तर ठरलेलं, "शुद्ध." तांबं शुद्ध असलं की मोटार भरवशाची. बस. यापुढे पंपाचं शास्त्र नाही.

आणि तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या माशांचं? सांगतो ना. लग्न झाल्यापासून पुनम यायची ती दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तेही एक डोळा घड्याळावर, परतीची बस चुकायला नको! पण समुद्र आला आणि काय झालं... पुनम दर रविवारी यायला लागली. दर रविवारी! नवऱ्याला घेऊन! आल्या आल्या पेटीसमोर मांडी घालून बसायची, माशांशी बोलायची, तो एक लांब पांढऱ्या मिशांचा झिंगा होता, माशांच्या अंगावरची घाण खायचा, त्याला ती डॉक्टर म्हणायची. "डॉक्टर, पेशंट कसे आहेत?" मग माशांशी बोलून झालं की आईशी बोलायची, मग बापाशी. भागाबाई वहिनी शनिवारपासूनच शेवभाजीचा मसाला वाटायला बसायच्या. भाऊ मला एकदा म्हणाले, "तोताराम, पोरगी माशायसाठी येते, मले कळते. पन येते ना भो." मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

आणि एका दुपारी पंप बंद पडला.

तो मूळचा, जावयाचा. आत मीठ साचलं, अडकला, गप्प. एवढीशी घरघर ती काय, पण थांबल्यावर सगळं घर कान टवकारून बसलं. भागाबाई वहिनी धावल्या, हातात काय? रवी! ताकाची! आणि समुद्र घुसळायला लागल्या. हसू नका! भाऊ तांब्याने पाणी काढून वरून ओतत होते, वहिनी घुसळत होत्या, मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो, कशाला घालत होतो मला अजून माहीत नाही. मासे वर येऊन तोंड उघडत होते... मिटत होते... उघडत होते. शेवटी भाऊंनी अडकलेला पंप खोलून, खरवडून, कसाबसा चालू केला. घाम पुसला. आणि म्हणाले, "आता असा पंप बसोतो, जो बंद पडनारच नही." मला त्या वाक्याने कसंतरीच झालं. का झालं? काय सांगू. माणूस इतक्या ठामपणे बोलला की मला भीतीच वाटते.

मग आम्ही निघालो पंप बघायला. फुले मार्केटच्या मागे फैसलचं माशांचं दुकान आहे. फैसल भला माणूस, मान खाली घालून काम करणारा. त्याने पंप पुढे ठेवला. पेरूएवढा! प्लास्टिकचा! भाऊंनी तळहातावर तोलला, या हातातून त्या हातात, मला दिला, परत घेतला. "याच्यात मोटार कुठी आहे?"

"अंदर है ना आबा. सीलबंद. पाणी आत जातच नाही."

"खोलून दाखव."

"खुलता नहीं, आबा. खोलायचाच नाही. इसीलिए तो चलता है."

झालं! अहो, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट उघडून बघितली, त्याला तुम्ही सांगता खोलायचाच नाही? भाऊ म्हणाले, "जे खोलता येत नही त्याचा भरोसा काय? उद्या बंद पडलं तर मी काय करू, पाया पडू त्याच्या?" आणि पंप परत ठेवला. "घरी बनोतो. पितळेचा पंखा, पितळेची तोटी, आन आत शुद्ध तांबं."

फैसलचा चेहरा... मी बघितला. त्याने हातातलं माशांचं खाणं खाली ठेवलं. "आबा, तांबा मत डालना. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं. झिंगे, गोगलगाई, वो फूल... सब मर जायेंगे."

स्पष्ट सांगितलं हो त्याने! तुम्ही म्हणाल सांगितलं नसेल, तर नाही, सांगितलं, दोनदा सांगितलं! पण भाऊ पायऱ्या उतरता उतरता मला काय म्हणतात? "पाह्यलं? सोताचा माल खपवासाठी काय काय सांगतात! माही माय जनमभर तांब्याच्या लोट्यातलं पानी पेली, नव्वदीला गेली, दात शाबूत! जे पानी मानसाले चालते ते झिंग्याले चालत नही? झिंगा काय मोठा लाटसाहेब आहे?" आता तुम्हीच सांगा, या बोलण्यात चूक कुठे आहे? आपल्या घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हणजे औषध. रात्री भरायचं, सकाळी प्यायचं. मलाही पटलं! हेच तर भयंकर आहे, मला पटलं!

भाऊंनी जुना पंप काढला, स्वतःच्या हाताने नवा बनवला. काय बनवला होता! मूठभर जाड तार, लाखेचा वास, पितळेचा पंखा सोन्यासारखा. पेटीत सोडला, बटण दाबलं, आणि पाणी असं उसळलं, असं उसळलं की दोन्ही मासे कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले. भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर काचेला टेकवला, कानाला लावला, डोळे मिटले. "हं," म्हणाले. "आता काही चिंता नही."

रविवारी पुनम आली. पेटीसमोर बसली. "पप्पा, डॉक्टर कुठंय?"

डॉक्टर दगडामागे होता. आडवा. मिश्या पाण्याबरोबर हलत होत्या, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही. ज्ञानेश्वरराव म्हणाले, "उन्हाळा आहे, होतं असं." भाऊ म्हणाले, "हौ, उन्हाळाच." आणि पंप? पंप चालू होता!

दुसऱ्या आठवड्यात काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई खाली पडायला लागल्या. पडायच्या म्हणजे कशा, रात्री काचेवर, सकाळी वाळूत, पालथ्या. भागाबाई वहिनी एकेक उचलून परत काचेवर चिकटवायला बघायच्या! चिकटतात होय? भाऊ म्हणाले, "पानी कमी फिरून राह्यलं," आणि पंपाचा जोर वाढवला. पाण्याला जरासा... कसा सांगू, निळसर नाही, हिरवट नाही, पण काहीतरी रंग आला होता, डोळे बारीक केले की दिसायचा, बघायला गेलं की नाही. आणि पितळेची तोटी मात्र रोज जास्तच लखलखीत! मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, घासता का काय हिला?" म्हणाले, "मी कायले घासू? चांगलं पितळ आहे, सोताहून चमकते." आणि पंप? पंप चालू होता हो!

मग समुद्रफूल. ते आधी ताटलीएवढं पसरायचं, बोटं हलवायचं, मासे त्यात झोपायचे. ते आकसायला लागलं. आज वाटीएवढं, उद्या लिंबाएवढं, मग पिळून ठेवलेल्या फडक्यासारखं. मासे त्याच्याभोवती फिरायचे, आत जायला बघायचे, आणि जागा नाही म्हणून बाहेर उभे राहायचे. पुनम त्या रविवारी माशांशी बोलली नाही. काचेवर बोट ठेवून नुसती बसली. जेवताना भाजीसुद्धा परत वाढून घेतली नाही. जाताना म्हणाली, "पप्पा, काहीतरी बदललंय का तुम्ही यात?" भाऊ म्हणाले, "पंप बदलला ना बेटा. चांगला बसोला." त्यांचा आवाज... तुम्हाला सांगतो, मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गिऱ्हाइकाची मोटार विहिरीत सोडल्यावर पाणी वर यायची वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज.

पण नाही! मान्य करतील तर लीलाधरभाऊ कसले! वीज तपासली, मीठ तपासलं, बर्फाच्या पिशव्या सोडल्या, खिडकीला गोणपाट लावून पाणी मारलं, हॉलमधला कूलर माशांकडे तोंड करून ठेवला, स्वतः उघडे बसले. सगळ्यावर संशय! फक्त एकावर नाही. कारण तो चालू होता ना!

आणि आला धोंड्याचा महिना. यंदा ज्येष्ठ अधिक. अधिकात जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे द्यायचे ताटात घालून, वर दिवा. आणि ताट कशाचं? आपल्याकडे तांब्याचंच! भागाबाई वहिनी मागच्या ओट्यावर बसल्या ते ताट घासायला. चिंच आणि मीठ. मी तिथेच होतो, भाऊ तिथेच होते, खुर्चीवर, डोळा लागलेला. वहिनी घासत होत्या, ताट उजळत होतं, आणि हातावरून पाणी वाहत होतं, हिरवट. निळसर. तोच रंग!

वहिनींचा हात थांबला.

"आवो," म्हणाल्या, "मीठ लावल्यावर तांब्याचं हे जे निंघते... ते पेटीमंधी कुठी जात असंन?"

भाऊ डोळे मिटूनच होते. पण झोप नव्हती. मला दिसत होतं, झोप नव्हती. मग ते उठले, हॉलमध्ये गेले, आणि त्यांनी आपल्या हाताने तो पंप बंद केला. पहिल्यांदा! बाहेर काढला, ओट्यावर आणला, खोलला. पितळेच्या पंख्याची पाती कागदासारखी झाली होती. आत लाख सुटलेली, तारेवर हिरवं. ती जाड तार, शुद्ध, बारीक झाली होती, खाल्ल्यासारखी. भाऊंनी बोट फिरवलं, हिरवं बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "तोताराम, त्या दुकानवाल्या पोरानं दोनदा सांगतलं होतं रे." बस, एवढंच.

मग काय धावपळ! भर उन्हात फैसलकडे! फैसल हसला नाही, त्याने तोच पेरूएवढा पंप दिला, पाणी बदलायला मीठ दिलं, आणि म्हणाला, "आबा, कोशिश करो. पर पत्थर में भी गया होगा." दगडांत गेलं होतं. वाळूत गेलं होतं. नव्या पाण्यात परत उतरलं. फूल विरघळलं, पाणी घाण झालं, परत बदललं, तरी एक मासा गेला. दुसरा धोंड्याच्या दिवशी सकाळी. पाहुणे निघाल्याचा फोन आला आणि भाऊ वाटीत तो मासा घेऊन उभे!

आता सांगायचं कसं? वहिनी म्हणाल्या, "जेवू द्या आधी पाव्हण्यांले. तीन वरसांतून येते हे वान. मंग सांगा." आणि पेटीवर काय टाकलं? त्यांचा लग्नातला शालू! जांभळा! जरीचा! हॉलच्या मधोमध, पाटासमोर, शालू पांघरलेली पेटी, आणि आतून घरघर... घरघर... म्हणजे आता पाण्यात जीव नाही, पण पंप? पंप चालू! बंद करायला कोणाचा हात होईना!

ज्ञानेश्वरराव पाटावर बसले. समोर शालू. काही विचारलं नाही हो त्या माणसाने! धोंडे खाल्ले, तूप वाढलं तर "पुरे" म्हणाले, "छान झालेत मामी" म्हणाले. पुनम वाढत होती, शालूकडे बघत नव्हती. एकदाही नाही. घरात चार माणसं, पाचवा मी, आणि आवाज एकच, ती घरघर. मग वहिनींनी ताट आणलं, लखलखीत, अनारशांनी भरलेलं, वर दिवा, आणि भाऊंनी ते तांबं स्वतःच्या हाताने जावयाच्या हातात दिलं. दिव्याची ज्योत हलत होती. मी खाली बघितलं.

पुनम उठली आणि तिने शालू ओढला.

स्वच्छ पाणी. काचेसारखं. दगड, वाळू, आणि पाणी फिरतंय, काय सुंदर फिरतंय... आणि कोणीच नाही.

"पाव्हणे," भाऊ म्हणाले, "माही चूक झाली. मले वाटलं, तांबं म्हनजे... मले वाटलं भरोशाचं." अहो, जो माणूस जळालेल्या मोटारीला घाबरला नाही, तो जावयासमोर उभा राहून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता! पुनमने शालूची घडी घातली, आईच्या हातात दिली. जावई म्हणाले, "मामा, असू द्या. होतं. तसंही घरची फरशी झालीच आता, पेटी न्यायचीच होती." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. चिडले असते तर बरं झालं असतं हो! माणूस चिडला की समजूत घालता येते, हे काय करायचं?

टेंपो आला, रिकामी पेटी चढली. भाऊ गाडीपर्यंत गेले, उन्हात, अनवाणी. पुनम आत बसली, खिडकीतून आईचा हात धरला, सोडला. ज्ञानेश्वररावांनी ते अनारशांचं ताट मांडीवर घेतलं, दार लावलं आणि नेहमीसारखे, अगदी नेहमीसारखे गोड हसून म्हणाले, "बरंय मामा, येतो आता... पुढच्या धोंड्याला."

गाडी वळली. आम्ही उभेच. रागाने म्हणाले, की सहज तोंडातून गेलं, कोण विचारणार? भागाबाई वहिनींनी पदर सावरला आणि बोटाच्या पेरांवर मोजायला लागल्या, आता अधिक कधी, यंदा ज्येष्ठ, मग... भाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मोजू नको," म्हणाले. "तीन वरसं. चाल आत, ऊन लागीन."